वस्तरा, दगड आणि पाणी

पिकलेल्या टोमॅटोवर ठेवलेली सुरी आत न शिरता सालच दाबू लागली, म्हणजे धार गेली हे गृहिणी तत्काळ ओळखते. मग तिच्यापुढे तीन मार्ग उरतात. नवी सुरी विकत आणावी, रस्त्यावरून हाळी देत जाणाऱ्या धारवाल्याची वाट पाहावी, किंवा पाट्याच्या कडेवर, पायरीच्या दगडावर सुरी चार वेळा घासून वेळ निभावून न्यावी. चौथा मार्ग सर्वांत जुना आहे, पण तोच आज सर्वांत कमी चालता राहिला आहे. पाण्याने भिजवलेला एक सपाट, बारीक कणाचा दगड घरात ठेवावा आणि धार आपल्या हातांनी लावावी, हा तो मार्ग. मराठीत या दगडाला निसणा असे सुटसुटीत नाव आहे.

निसण्याचा इतिहास हा वरवर पाहता एका क्षुल्लक वस्तूचा इतिहास वाटेल. तथापि त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. हत्यार ज्याच्या हाती आहे, त्याच्याच हाती त्याची धारही आहे काय, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर शतकाशतकांत बदलत गेले आणि त्याबरोबर माणसांची एकमेकांवरील अवलंबनाची रीतही बदलली.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे. संस्कृतात वस्तऱ्याला क्षुर म्हणतात. त्यावरून आलेला क्षौर हा शब्द मराठीत अजून आहे. क्षुरिकेची सुरी झाली आणि क्षुरप्राचे खुरपे झाले. मूळ क्षुराला मात्र मराठीत स्वतःचे नाव राहिले नाही. त्याच्या जागी फारसीतील उस्तुरा आला आणि त्याचा वस्तरा झाला. एकाच घराण्यातील शब्द स्वयंपाकघरात, शेतात आणि न्हाव्याच्या धोकटीत असे विखुरले, यावरूनच धारेच्या पात्याने जीवनाचा किती भाग व्यापला होता हे ध्यानी येते.

वस्तरा पाजवण्याची क्रिया तर ऋग्वेदाच्या ऋषींनाही परिचित होती. आठव्या मंडलातील एका ऋचेत, क्षुर जसा तीक्ष्ण करतात तसे आम्हांला तीक्ष्ण कर, अशा आशयाची प्रार्थना आहे. उपमा नेहमी ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या वस्तूवरून दिली जाते. तेव्हा वस्तरा तीक्ष्ण करणे ही त्या समाजात नित्याची गोष्ट असली पाहिजे. पुढे कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या वाटेला क्षुराच्या धारेची उपमा दिली आणि ती भारतीय मनात कायमची रुजली.

परंतु धारेच्या दगडाचा अगदी रोखठोक, व्यवहारी उल्लेख पाहावयाचा तर बौद्धांच्या विनयपिटकाकडे वळावे लागते. चुल्लवग्गात अशी हकीकत आहे की, भिक्षूंचे केस वाढलेले पाहून बुद्धांनी विचारले, भिक्षूंना एकमेकांचे केस काढता येतात काय? येतात, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी भिक्षूंना वस्तरा, वस्तऱ्याचा दगड, तो जपून ठेवण्याची सामग्री आणि लोकरीच्या नमद्याचा तुकडा बाळगण्याची अनुज्ञा दिली. या दगडाला पाली भाषेत खुरसिला म्हटले आहे. ज्यांनी घरदार, धनधान्य, सर्व काही सोडले होते, त्यांच्या मोजक्या चीजवस्तूंत एका दगडाला जागा मिळाली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नुसता वस्तरा देऊन काम भागत नाही. धार चार दिवसांत जाते, आणि मग भिक्षूला गावातील कारागिराच्या दारी जावे लागते. वस्तऱ्याबरोबर दगड दिला तरच संघ स्वावलंबी राहतो. नियम करणाऱ्याची दृष्टी किती बारीक होती याचे हे उत्तम उदाहरण होय.

याच परंपरेत उपालीची कथा येते. उपाली हा शाक्यांचा नापित. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास निघाले तेव्हा तोही त्यांच्याबरोबर होता. आपला कुलाभिमान गळून पडावा म्हणून राजपुत्रांनी आपल्या आधी उपालीला दीक्षा द्यावी अशी विनंती केली आणि नंतर आपल्याच पूर्वीच्या सेवकाला वंदन केले. बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर राजगृह येथे जी पहिली संगीती भरली, तीत विनयाचे नियम सांगण्याचा मान परंपरेनुसार याच उपालीला मिळाला. दगडावर वस्तरा पाजवण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याच्याच मुखातून संघाचे नियम पुढील पिढ्यांना मिळाले.

भिक्षूंच्या दगडानंतर वैद्यांचा दगड येतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठवा अध्याय शस्त्रांविषयी आहे. सुश्रुताच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी त्या अध्यायातील ज्ञान हे प्रत्यक्ष हात चालवलेल्या माणसाचे आहे, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. शस्त्रे वीस प्रकारची सांगितली असून, कोणत्या कामाला किती सूक्ष्म धार हवी हे धान्याच्या व केसाच्या मापाने दिले आहे. भेदनाच्या शस्त्राला मसुरीएवढी, लेखनाच्या म्हणजे खरवडण्याच्या शस्त्राला अर्ध्या मसुरीएवढी, शीर वेधण्याच्या शस्त्राला केसाएवढी, आणि छेदनाच्या शस्त्राला अर्ध्या केसाएवढी. वाकडे असणे, बोथट असणे, तुटलेले असणे, धार खरबरीत असणे असे शस्त्रांचे आठ दोष सांगितले आहेत. त्यांतून एकट्या करवतीला सूट आहे, कारण हाड कापणाऱ्या करवतीची धार खरबरीतच हवी.

धार लावण्यासाठी सुश्रुताने दोन वस्तू सांगितल्या आहेत. पहिली म्हणजे उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा. दुसरी म्हणजे शाल्मलीची, अर्थात सावरीच्या लाकडाची फळी. शिळेवर धार उत्पन्न करावयाची आणि फळीवर ती स्थिर करावयाची. आजही वस्तरा प्रथम दगडावर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला जातो. साधन बदलले, पण क्रम बदललेला नाही. धार लागली की नाही याची कसोटीही तीच आहे. शस्त्राने केस छेदला गेला तर ते कामास योग्य समजावे.

याच अध्यायात पायना नावाची क्रिया आहे. पायना म्हणजे तापलेल्या शस्त्राला पाणी पाजणे. क्षार, पाणी आणि तेल असे तिचे तीन प्रकार असून, बाण किंवा हाड छेदणाऱ्या शस्त्राला क्षाराचे, मांस कापणाऱ्याला पाण्याचे, तर शिरा वेधणाऱ्याला तेलाचे पान द्यावे असे म्हटले आहे. मराठीत सुरी पाजवणे असे म्हणतात तेव्हा त्यात हेच पाणी पाजणे ऐकू येते. पोलादाला पाणी देणे, धारेचे पाणी उतरणे, पाणीदार माणूस हे सारे शब्दप्रयोग लोहाराच्या कुंडीजवळून निघून भाषेत आले आहेत.

दगडाने धार लागते ती कशामुळे? पात्याच्या दोन बाजू जेथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. ती रेषा जितकी अरुंद, तितके पाते तीक्ष्ण. वापराने ती रेषा गोल होते, वाकते, तिचे बारीक टवके उडतात. दगडातील कण पोलादाहून कठीण असतात. ते दोन्ही बाजूंचे पोलाद थोडे थोडे झिजवून नवी रेषा तयार करतात. गारेचा कण चांगल्या पाणी दिलेल्या पोलादाला ओरखडतो. म्हणूनच गारेच्या कणांनी बनलेला वालुकाश्म फार पुरातन काळापासून हत्यारांना धार लावण्यासाठी वापरात आहे. ग्वाल्हेरचा किल्ला ज्या खडकावर उभा आहे तो याच जातीचा. दख्खनच्या काळ्या पाषाणात गारेचे कण नसल्यासारखेच असल्यामुळे पाट्यावर घासलेली सुरी तात्पुरती कामचलाऊ होते, पण तिला खरी धार येत नाही. पाण्याचे काम वेगळेच आहे. झिजलेले पोलाद आणि सुटलेले कण पाणी वाहून नेते, दगडाची छिद्रे बुजू देत नाही आणि पाते थंड ठेवते. काही दगडांवर हेच कण पाण्यात मिसळून पातळ चिखलासारखा लेप होतो, आणि तो लेपच पात्याला अधिक सूक्ष्म करीत जातो.

रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या सृष्टिज्ञानकोशाच्या छत्तिसाव्या भागात या दगडांची वर्गवारी केली आहे. काही दगडांना तेल लागते. त्यांत क्रीट बेटाचे दगड श्रेष्ठ. काहींना पाणी लागते. त्यांत नॅक्सॉस बेटाचा पहिला मान. काहींना दोन्ही चालतात. आणि चौथा वर्ग आहे तो न्हाव्यांच्या दुकानांतील दगडांचा, ज्यांना माणसाची थुंकी लावली जाते. आजच्या वाचकाला हे वाचून शिसारी येईल. पण रोमच्या राजधानीतील दाढीचे दुकान या एका तपशिलाने डोळ्यांपुढे उभे राहते.

भारतात मध्ययुगापर्यंत येता येता भिक्षूची खुरसिला मागे पडली आणि वस्तरा व दगड ही जोडी एका जातीच्या धोकटीत बंदिस्त झाली. महाराष्ट्रातील गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची क्षौरे करावी आणि खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यावे, ही रीत. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, आरसा, नराणी आणि निसणा असे. संत सेना न्हावी यांनी याच साधनांना विवेक आणि वैराग्य यांची रूपके करून अभंग रचला, तो वारकऱ्यांच्या ओठी आजही आहे. व्यवसायाला कमी लेखणाऱ्या समाजात त्या व्यवसायाच्या हत्यारांनाच परमार्थाची प्रतिष्ठा देणे हे लहान काम नव्हते.

धार ज्याच्या हाती, त्याच्यावर गावाचे अवलंबन असे. आणि तरीही त्या हाताची सामाजिक किंमत फार नव्हती. वस्तरा कोणाच्या मस्तकावर फिरावा हे त्याने ठरवावयाचे नव्हते. पतीच्या निधनानंतर अजाण मुलींची मस्तके भादरण्याची क्रूर चाल ज्या वर्गांत होती, त्यांच्या घरी हे काम करण्यासाठी त्यालाच बोलावणे येई. अशा स्थितीत १८९० साली मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा उचलणार नाही असा निश्चय त्यांनी केला. धोकटीतील पाते तीक्ष्ण होते, बलुतेही हवे होते, पण हात थांबला. धार आपल्या हाती असणे म्हणजे ती कशासाठी वापरावयाची हेही आपणच ठरवणे, हा अर्थ त्या दिवशी मुंबईच्या कारागिरांनी जगाला दाखवून दिला.

आता पोलादाकडे पाहू. दगड कितीही उत्तम असला, तरी पात्याच्या पोलादात दम नसेल तर धार टिकत नाही. आणि या बाबतीत दख्खन एके काळी जगाच्या पुढे होते. आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम या गावी मुशीत वितळवून केलेले पोलाद घेण्यासाठी इराणी व्यापारी येत असत. वैद्य आणि भूस्तरशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी याने तेथील कृती पाहून लिहिलेला वृत्तांत १८३२ साली प्रसिद्ध झाला. युरोपात या पोलादाला वुट्झ असे नाव पडले. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट याने त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन याने रॉयल सोसायटीपुढे त्याविषयीचा निबंध सादर केला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा शस्त्रे घडवणारा कारागीर. त्याला वुट्झ इतके आवडले की नाजूक पात्यांसाठी तो युरोपच्या पोलादाहून त्यालाच अधिक पसंती देऊ लागला. पुढे लोहाराचा मुलगा असलेला मायकेल फॅरडे या स्टोडार्टच्या जोडीला आला आणि दोघांनी पोलादाच्या मिश्रणांवरील आपले प्रयोग १८२० साली प्रसिद्ध केले. विजेच्या शास्त्रात अमर झालेल्या फॅरडेच्या आरंभीच्या संशोधनाला अशा रीतीने दख्खनच्या मुशीतील पोलादाची पार्श्वभूमी लाभली.

पोलादाप्रमाणेच घासण्याचा कणही भारताने युरोपला दिला. कुरुंद नावाचा अतिकठीण खनिज दगड दक्षिण भारतात सापडतो. त्याची पूड लाखेत घट्ट बसवून तिचे चाक करावे आणि ते फिरवून रत्ने व शस्त्रे घासावीत, ही येथील जुनी पद्धत. चार्ल्स ग्रेव्हिल याने १७९८ साली या दगडावर निबंध लिहून युरोपच्या विद्वानांचे त्याकडे लक्ष वेधले. कॉरंडम हे त्याचे शास्त्रीय नाव आपल्या कुरुंदावरूनच आले. १८९१ साली एडवर्ड ॲचेसन याला अमेरिकेत विजेच्या भट्टीत एक नवा कठीण पदार्थ मिळाला. तो कोळसा आणि कुरुंद यांचा संयोग असावा अशा समजुतीने त्याने त्याला कार्बोरंडम असे नाव दिले. समजूत चुकीची ठरली, नाव राहिले. आज हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या कार्बोरंडमच्या करड्या दगडावर सुरी घासणारा माणूस नकळत एका भारतीय शब्दाचा अर्धा भाग उच्चारत असतो.

अठराव्या शतकात युरोपात आणखी एक घटना घडली. ती घरगुती धारेच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे. पॅरिसमधील झाँ-झाक पेरे हा वस्तरे घडवणारा कारागीर. त्याने १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः करण्यास शिकवणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात नुसती दाढी करण्याची कृती नाही; धार लावण्याचे चांगले दगड कसे ओळखावेत आणि पात्यासाठी चामडे कसे तयार करावे, हेही आहे. ज्याची उपजीविका वस्तरे घडवण्यावर आणि पाजवण्यावर, त्यानेच आपली विद्या गिऱ्हाइकाला उघड करून सांगितली. स्वतःचे क्षौर स्वतः करणे म्हणजे स्वतःचा वस्तरा स्वतः पाजवणे, हे त्याने ओळखले होते. विनयपिटकाने जे भिक्षूंसाठी केले, तेच पेरेने नगरवासी गृहस्थांसाठी केले असे म्हणण्यास हरकत नाही.

त्याच काळातील अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. एखाद्या गरीब तरुणाला हजार गिन्या देण्यापेक्षा त्याला स्वतःची दाढी करण्यास आणि आपला वस्तरा नीट राखण्यास शिकवले, तर त्याच्या आयुष्यातील सुखात अधिक भर पडेल, असा विचार त्यात आहे. पैसा खर्चून जातो आणि मागे पश्चात्ताप राहतो. कौशल्य मात्र रोज सकाळी उपयोगी पडते. त्याच ग्रंथात धारेचीच आणखी एक गोष्ट आहे. एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेइतकेच तिचे सारे अंग चकचकीत व्हावे अशी इच्छा धरली. चाक तू फिरव, मी घासतो, असे लोहार म्हणाला. थोड्याच वेळात त्या माणसाचे हात भरून आले. आणि काळे ठिपके तसेच असलेली कुऱ्हाड पाहून, आपल्याला ठिपक्यांची कुऱ्हाडच अधिक आवडते, असे म्हणून तो चालता झाला. धार लावणाऱ्या प्रत्येकाला हा क्षण परिचित असतो.

युरोपातील न्हाव्यांचा लाडका दगड बेल्जियमच्या आर्देन डोंगराळ प्रदेशातून येई. पिवळसर रंगाचा हा दगड कोटिक्यूल या नावाने ओळखला जातो. त्याच्या अंगात तामड्याचे अतिसूक्ष्म कण आहेत. तेच वस्तऱ्याला धार देतात. तो पाण्यानेच वापरावयाचा असतो. मात्र पाण्याच्या दगडाची विद्या पूर्णत्वास नेली ती जपानने. क्योटो शहराच्या वायव्येकडील डोंगरांतून, विशेषतः नारुताकीच्या परिसरातून, अत्यंत मऊ कणाचे दगड निघत. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी सूक्ष्म प्राण्यांच्या सिकतामय सांगाड्यांचा जो गाळ साचला, त्याचेच हे दगड झाले. आरातो, नाकातो आणि शिआगेतो, म्हणजे भरड, मध्यम आणि अखेरचा, अशी त्यांची तीन पायऱ्यांची मांडणी आहे. तरवार, सुताराची पटाशी, स्वयंपाकघरातील सुरी आणि वस्तरा या सर्वांना हा क्रम लागू. सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानमध्ये पोहोचला, आणि मुंडन करणाऱ्या भिक्षूंबरोबर वस्तऱ्याची गरजही तेथे पोहोचली. खुरसिलेला अशा रीतीने पूर्वेच्या टोकाला नवे घर मिळाले.

१८७६ साली जपान सरकारने तरवार बाळगण्यास सर्वसाधारण मनाई केली. तेव्हा तरवारी घडवणाऱ्या अनेक हातांनी सुऱ्या व सुतारकामाची हत्यारे घडवण्यास आरंभ केला. तरवारीचा काळ संपला, पण दगडापुढे गुडघे टेकून बसण्याची शिस्त संपली नाही. ती स्वयंपाकघरात आली. नैसर्गिक दगडांच्या खाणी पुढे एकामागून एक बंद होत गेल्या आणि त्यांची जागा कारखान्यात बनवलेल्या दगडांनी घेतली. त्यांवर कणांच्या सूक्ष्मतेचा आकडा छापलेला असतो.

इकडे अमेरिकेत मात्र धारेच्या दगडाची गरजच उरू नये अशी युक्ती निघाली. किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याने, धार गेली की फेकून द्यावे असे पातळ पाते कल्पिले. पत्र्याइतक्या पातळ पोलादाला पाणी देणे व धार लावणे अशक्य आहे, असे जाणकार सांगत; विल्यम निकर्सन या यंत्रज्ञाने ते शक्य करून दाखवले. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. १९०४ साली पेटंट मिळाले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना हे वस्तरे पुरवले गेल्यावर त्यांचा प्रसार कोणी रोखू शकले नाही. दाढी घरी आली, पण धार घराबाहेर गेली. पेरेने जी विद्या गृहस्थाच्या हाती दिली होती ती कारखान्याकडे परत गेली.

या बदलाला दुसरी बाजूही आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचे ज्ञान वाढल्यावर दर गिऱ्हाइकाला नवे पाते वापरणे ही केशकर्तनालयांत आवश्यक खबरदारी झाली, आणि ती योग्यच आहे. एकाच वस्तऱ्याने साऱ्या गावाचे क्षौर करण्याचा काळ परत यावा असे कोणी म्हणणार नाही. घरी पाजवलेला वस्तराही एकानेच वापरावा, दुसऱ्यास देऊ नये.

येथे एक शंका सहज येते. केसासारख्या मऊ वस्तूने पोलादाची धार जाते ती कशी? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तथापि तो तिरपा वाकून पात्याच्या कडेवर विशिष्ट ठिकाणी दाब देतो, तेव्हा पोलादाच्या रचनेत जेथे असमानता असेल तेथे सूक्ष्म टवका उडतो. म्हणजे धार नुसती झिजत नाही, ती तुटते. सुश्रुताने शस्त्रदोषांत बोथटपणा आणि तुटकेपणा हे दोन दोष निरनिराळे मोजले होते, त्याचे येथे स्मरण होते.

पाण्याच्या दगडावर घरी धार लावण्याची कृती फार अवघड नाही. तिला घाई मात्र चालत नाही. कारखान्यात केलेला सच्छिद्र दगड पाण्यात ठेवावा आणि बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढावा. घट्ट नैसर्गिक दगडाला वरून पाणी शिंपडले तरी पुरते. दगडाखाली ओले फडके घालावे, म्हणजे तो सरकत नाही. सुरीसाठी १००० आकड्याचा दगड मध्यम समजतात. पाते दगडाशी १५ ते २० अंशांचा कोन करील असे धरावे, आणि तो कोन शेवटपर्यंत बदलू देऊ नये; सारी विद्या या एका गोष्टीत आहे. एक बाजू घासता घासता दुसऱ्या बाजूस अंगठ्याला किंचित खरखरीत अशी कड उठलेली जाणवली, म्हणजे त्या बाजूचे काम झाले. अंगठा धारेला आडवा, पाठीकडून कडेकडे न्यावा. धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नये. मग बाजू बदलावी, आणि शेवटी ५००० किंवा त्याहून सूक्ष्म दगडावर हलक्या हाताने ती कड काढून टाकावी.

वस्तऱ्याचे काम एका दृष्टीने सोपे आहे, कारण त्याची पाठ व धार दोन्ही एकदम दगडावर टेकवावयाची असतात. पाठीची जाडीच कोन ठरवते. दगडावर धार पुढे ठेवून वस्तरा सरकवावा, आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. या क्रमात चूक झाली तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. भार हाताचा नव्हे, केवळ वस्तऱ्याचा असावा. दगड वापराने मध्यभागी खोल होतो. म्हणून अधूनमधून तो दुसऱ्या सपाट दगडावर घासून समतल करावा लागतो. वाकड्या दगडावर सरळ धार लागत नाही. रस्त्यावरच्या वेगवान चाकावर कोरडे घासताना ठिणग्या उडतात, त्या पाहण्यास मौज वाटते. परंतु साध्या पोलादाची कड २०० अंश सेल्सियसच्या पुढे तापली की तिचे पाणी उतरू लागते. धारवाला कसबी असेल तर पाते टेकवतो आणि लगेच उचलतो. पाण्याच्या दगडावर हे भय नाही.

कौतुक वाटावे अशी बाब ही की, या कृतीत जे जे आहे ते सर्व फार पूर्वीच ठरून गेलेले आहे. दगड, मग फळी किंवा चामडे, आणि अखेरीस केसाची कसोटी. भिक्षू गेले, बलुतेदारी मोडली, फेकून देण्याची पाती आली. तरी स्वयंपाकघरातील सुरी आज ना उद्या बोथट होतेच, आणि तिच्यापुढे तोच जुना प्रश्न उभा राहतो. फेकावी, दुसऱ्याकडे द्यावी, की आपण पाजवावी? अर्धा तास, वाटीभर पाणी आणि एक सपाट दगड, एवढ्यावर या प्रश्नाचे उत्तर घरीच देता येते. दहा सुऱ्या विकत घेतल्या तरी त्यांतील प्रत्येक एके दिवशी बोथट होणारच. ज्या घरात एक निसणा आहे आणि तो वापरणारे दोन हात आहेत, त्या घरात मात्र एकच सुरी पुष्कळ वर्षे पुरते.